मान दुखतेय? बारा आठवडे काढा : बैठं काम करणाऱ्यांसाठी व्यायामाची सुरुवात

चांदणी चौकाजवळ सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला लागताना उजवीकडे मागे वळून बघावंच लागतं. एका सोमवारी माझी मान वळलीच नाही. हनुवटी खांद्याच्या निम्म्या वाटेपर्यंत गेली आणि तिथेच अडकली. मग खांदे, छाती, कंबर असं सगळं धड वळवून बघितलं, तोवर मागून आलेल्या बसने करकचून ब्रेक मारला होता. हिंजवडीला ऑफिसात पोचले तरी हात थरथरत होते. मान दोन वर्षं दुखत होती, पण ती मला रस्त्यावर पाडू शकते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या दोन वर्षांत मी स्वस्थ बसले होते असं नाही. बाम चोळला, गरम पाण्याने शेकलं, तीन उशा बदलल्या, मानेचा पट्टा लावून झाला, एका दवाखान्यात दहा दिवस मशीनवर मान ताणून घेतली. प्रत्येक उपायाने दोन-चार दिवस बरं वाटायचं. शिवाय रोज सकाळी मान गोल गोल फिरवायचे, सगळे सांगतात म्हणून. तोच मानेचा व्यायाम, अशी माझी पक्की समजूत होती.

शेवटी ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले, त्यांनी मला उताणं झोपवलं, हनुवटी आत घेऊन डोकं उशीवरून बोटभर उचलायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. सात-आठ सेकंदांत मान थरथरायला लागली, हनुवटी छताकडे गेली. "ताणून ताणून पुरे झालं," त्या म्हणाल्या, "आता हिच्यात जोर भरू या." पुढचे तीन महिने त्यांनी जे करून घेतलं तेच खाली क्रमाने लिहिते आहे. ऑफिसात नव्याने मान धरून बसलेल्या बऱ्याच जणांना मी ते शिकवलं आहे, त्यामुळे सुरुवातीला कुठे चुकतं तेही आता ठाऊक झालं आहे.

आधी हे तपासा

दुखणं तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेलं, मान-खांदे-फरे एवढ्यातच राहणारं, संध्याकाळी वाढणारं आणि सुट्टीच्या दिवशी जरा उतरणारं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पण हातात बोटांपर्यंत मुंग्या किंवा वीज गेल्यासारखी कळ येत असेल, हातातून कप निसटत असेल, शर्टाची बटणं लावायला त्रास होत असेल, चालताना झोक जात असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय असं वाटलं तर त्याच दिवशी, अपॉइंटमेंटची वाट न बघता जा. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ, हेही डॉक्टरांकडचंच काम. ज्यांना आमवात आहे, हाडं ठिसूळ झाली आहेत किंवा पूर्वी कर्करोगाचे उपचार झाले आहेत, त्यांनी आधी विचारून घ्यावं.

एक गोष्ट मुद्दाम वेगळी सांगते. मान, जबडा किंवा डावा हात दुखतोय आणि सोबत छातीवर दाब, दरदरून घाम किंवा धाप आहे, तर ते हृदयाचं असू शकतं. तिथे बाम चोळत बसू नका, 108 ला फोन करा.

मान दमते कशी

माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. घरात पाच किलो पिठाची पिशवी असेल तर ती एकदा छातीशी धरून उभे राहा. मग हीच पिशवी हात पुढे लांबवून धरा. वजन तेच, पण अर्ध्या मिनिटात खांदे भरून येतात. डोळ्यांच्या पातळीखाली असलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघताना डोकं असंच पुढे लोंबतं, आणि मानेच्या मागचे स्नायू ते दिवसभर ओढून धरतात. मानेच्या सात मणक्यांना पुढून बिलगून असलेले खोलवरचे छोटे स्नायू मात्र काम नसल्यामुळे सुस्त पडतात. मानेला सावरून धरणं हे खरं त्यांचं काम. ते करेनात, म्हणून खांद्यावरचा मोठा ट्रॅपेझियस स्नायू सगळा भार अंगावर घेतो. तुम्ही जिथे बोटाने दाबून "इथे, इथे दुखतंय" म्हणता, तो हाच.

यात कामाच्या ताणाचाही वाटा मोठा आहे. महिनाअखेर, रिलीजचा आठवडा, साहेबांसमोरचं प्रेझेंटेशन अशा वेळी खांदे आपोआप कानांकडे सरकतात आणि तासन् तास तिथेच राहतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी दुचाकीवर हेच होतं. स्कार्फ बांधलेला, हात गारठलेले, आणि खांदे वर चढवून आपण पाऊण तास गाडी चालवतो. ऑफिस सुरू होण्याआधीच मान अर्धी दमलेली असते.

एक्स-रे किंवा एमआरआय काढून ठेवला असेल आणि त्यात "डिस्क बल्ज" (दोन मणक्यांमधली गादी फुगणं) किंवा "झीज" वाचून झोप उडाली असेल, तर हे वाचा. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या 1211 जणांचे एमआरआय काढले गेले. 2015 साली छापून आलेल्या त्या पाहणीत 87.6 टक्के लोकांच्या मानेत डिस्क फुगलेली दिसली. विशीतल्या धडधाकट मुलामुलींमध्येसुद्धा हे सर्रास होतं. म्हणजे अहवालातल्या त्या एका शब्दावरून तुमच्या दुखण्याचं कारण ठरत नाही, आणि "मणक्यात गॅप आहे, आता हलायचं नाही" असं कुणी म्हटलं म्हणून हलणं तर मुळीच थांबवू नये. हातातली ताकद कमी झाली असेल तर गोष्ट वेगळी, ते वर लिहिलंच आहे.

नुसतं ताणून का भागत नाही

ताण देणाऱ्या व्यायामाने बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. पण ते बरं वाटणं टिकत नाही, आणि याला भक्कम आधार आहे. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, मान कायम दुखणाऱ्या 180 स्त्रियांवर वर्षभराचा अभ्यास झाला, तो 2003 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला ताण देण्याचे व्यायाम आणि चालणं-पोहणं अशी हालचाल करायला सांगितली. उरलेल्या दोन गटांनी तेच केलं, पण जोडीला मानेची ताकद किंवा दम वाढवणारे व्यायामही केले. वर्षाअखेर या दोन गटांचं दुखणं पहिल्या गटापेक्षा कितीतरी जास्त उतरलं होतं.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी डेन्मार्कचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या 198 जणांपैकी काहींनी दिवसाला फक्त 2 मिनिटं, काहींनी 12 मिनिटं रबरी पट्ट्याचा खांद्याचा व्यायाम केला, आठवड्यातून पाच दिवस, असे 10 आठवडे. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. दोन मिनिटांत तर मीटिंगची लिंकसुद्धा उघडत नाही.

काय काय लागेल

एक टॉवेल, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या आणि एक रबरी पट्टा, ज्याला खेळाच्या दुकानात रेझिस्टन्स बँड म्हणतात. पट्ट्याचा रंग कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून रंग न सांगता "सगळ्यात हलका द्या" असं सांगा. आणि एक वही. रोज रात्री त्यात दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य.

हाच आकडा पुढे तुमचा मार्गदर्शक. व्यायाम करताना दुखणं तीन-चारपर्यंत गेलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं. तेव्हा बंद न करता निम्म्यावर या.

पहिले दोन आठवडे : मान हलती करा आणि आतल्या स्नायूंना जागं करा

हालचालीपासून सुरुवात. खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर ताठ बसा, पाय जमिनीवर. मान सावकाश उजवीकडे वळवा, जिथे ओढ जाणवेल तिथे एक श्वास थांबा, परत या, मग डावीकडे. पाच-पाच वेळा. तसंच कान खांद्याकडे नेण्याचं, पाच-पाच वेळा. खांदा वर उचलून कानाला भेटवायचा नाही, खांदा जागेवरच राहू द्या. शेवटी खाली-वर बघा. गोल गोल फिरवणं मी सोडून दिलं आहे. चक्कर येणाऱ्यांना ते मानवत नाही, आणि त्यातून मिळणारं सगळं वरच्या तीन हालचालींत मिळतं.

आता या सगळ्या क्रमातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त चुकणारा व्यायाम. त्यासाठी जरा वेळ काढून नीट वाचा.

उताणे झोपा, गुडघे दुमडलेले. टॉवेलची घडी डोक्याखाली ठेवा, मानेखाली नको. घडी एवढीच हवी की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. जीभ टाळूला टेकवा, ओठ मिटलेले, दात मात्र सुटे. आता कुणाला तरी नुसतं "हं" म्हणताना आपण मान डोलावतो, तेवढीच बारीक मान हलवायची. हनुवटी गळ्याकडे येते, डोक्याचा मागचा भाग टॉवेलवरून वर सरकतो, आणि डोकं उचललं जात नाही. हालचाल इतकी छोटी असते की बाजूला बसलेल्याला ती दिसतही नाही. तिथे पाच सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा, सोडा. पाच वेळा.

चूक अशी ओळखायची. दोन बोटं मानेच्या पुढच्या बाजूला ठेवा. कानामागून गळ्याच्या हाडाकडे उतरणाऱ्या दोन जाड दोऱ्या हाताला लागतात. मान हलवताना त्या टणक झाल्या, तर तुम्ही जोर लावताय आणि बाहेरचे मोठे स्नायू पुन्हा आतल्यांचं काम करताहेत. जोर अर्धा करा. तरी झाल्या, तर आणखी अर्धा करा. माझे पहिले चार दिवस नुसते यातच गेले. मॅडम बोट ठेवून बसायच्या आणि म्हणायच्या, "हळू, अजून हळू, पान पडेल एवढंच." पाचव्या दिवशी त्या दोऱ्या मऊ राहिल्या आणि गळ्याच्या आत, खोल कुठेतरी, हलकीशी थकल्याची जाणीव झाली. ती जाणीव म्हणजे योग्य स्नायू सापडला. दोन आठवड्यांत पाच सेकंदांचे दहा करा आणि पाच वेळांचे दहा वेळा. इथे घाई करून पुढे गेलेले लोक सहाव्या आठवड्यात परत इथेच येतात, हे मी बघितलं आहे.

हाच व्यायाम बसून करायचा प्रकार ऑफिससाठी. टेबलाचा खण आत ढकलावा तशी हनुवटी सरळ मागे न्यायची. खाली झुकवायची नाही, वर उचलायची नाही. गळ्याखाली दुहेरी हनुवटी पडते, पडू द्या. तीन-चार सेकंद, आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी चहाला उठण्याआधी करते, म्हणजे विसरायला होत नाही.

आणि फरे. शाळेचं दप्तर पाठीला आहे आणि मागून कुणी त्याचे बंद हलकेच खाली ओढले, तर खांदे जसे मागे-खाली जातील तसे न्या. छाती फुगवायची नाही, कंबरेत कमान काढायची नाही. दहा सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. पहिले काही दिवस फऱ्यांमध्ये कळ लागेल, ती न वापरलेल्या स्नायूची असते.

तिसरा ते सहावा आठवडा : जोर

वरचं झोपून करायचं चालूच ठेवा. त्यात आता तीन गोष्टी घाला, एक दिवसाआड.

तळहाताला मान भिडवणं. तळहात कपाळावर ठेवा, डोकं पुढे ढकला, हाताने अडवा. डोकं जागचं हलता कामा नये. जोर आपल्या पूर्ण ताकदीच्या एक चतुर्थांशाने सुरू करायचा आणि आठवड्याआठवड्याने वाढवायचा. सहा-सात सेकंद, पाच वेळा. मग हात डोक्यामागे नेऊन तसंच, मग दोन्ही बाजूंना कानाच्या वर. श्वास रोखू नका. ज्यांचं ब्लडप्रेशर वाढतं त्यांनी आकडे मोठ्याने मोजावेत, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

पट्टा ओढणं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खिडकीला लोखंडी गज असतातच. पट्टा त्या गजातून छातीच्या उंचीवर ओवून घ्या आणि आधी जोरात ओढून बघा, गाठ सुटून पट्टा तोंडावर आला तर डोळ्याला इजा होते. दोन्ही टोकं हातात धरून उभे राहा, खांदे त्या दप्तराच्या बंदासारखे मागे-खाली, आणि कोपरं अंगाला घासत मागे ओढा. मागे नेताना एक-दोन, परत येताना एक-दोन-तीन. परत येतानाच पट्टा हातातून सुटल्यासारखा जातो, तिथे आवरून धरण्यातच खरा फायदा आहे. बारा वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा बारा.

बाटल्या उचलणं. दोन्ही हातांत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. कोपरं किंचित वाकलेली. हात अगदी बाजूला न उघडता थोडे पुढच्या बाजूने, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला आणि सावकाश खाली आणा. खांद्याच्या वर नको. आरशासमोर करा. खांदे कानांकडे चढताना दिसले की बाटलीतलं थोडं पाणी ओतून टाका. वजनाचा अभिमान इथे कामाचा नाही. आमच्याकडचा एक मुलगा जिममध्ये मोठी वजनं उचलायचा, त्यालाही मी रिकाम्या बाटल्यांनी सुरुवात करायला लावली. त्याची मान महिनाभरात सुधारली.

ताण देणारे व्यायाम आता शेवटी, स्नायू गरम झाल्यावर. दोन पुरतात. उजव्या हाताने खुर्चीची कड धरा, नाक डाव्या काखेकडे न्या, डावा हात डोक्यावर नुसता ठेवा, ओढू नका. वीस ते तीस सेकंद. मग दुसरी बाजू. दुसरा दाराच्या चौकटीत : दोन्ही कोपरं चौकटीला टेकवून एक पाऊल पुढे टाका, छाती पुढून उघडते. स्क्रीनसमोर बसून छाती आत ओढली गेलेली असते, ती मोकळी झाल्याशिवाय खांदे मागे राहत नाहीत.

सातवा ते बारावा : वजन चढवा

आता अर्ध्या लिटरच्या जागी लिटरची बाटली. पट्टा एक पायरी जाड. शिवाय खांदे उचलणं : दोन कापडी पिशव्यांत दोन-दोन किलो तांदूळ भरा, हात सरळ खाली, खांदे वर उचला, एक क्षण थांबा, सावकाश सोडा. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. ज्या स्नायूला दोन वर्षं आपण चोळत आलो त्यालाच वजन द्यायचं म्हटल्यावर भीती वाटते. मलाही वाटली. पण स्क्रीनसमोर तो सतत थोडा थोडा आखडलेला असतो, सुटतच नाही. वजन उचलून खाली सोडताना तो पूर्ण आवळतो आणि पूर्ण सुटतो.

वजन कधी वाढवायचं? तिसऱ्या फेरीतले शेवटचे दोन सहज झाले, आणि सलग दोन वेळा झाले, की वाढवा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. मधल्या दिवशी चालायला जा. कोथरूड-पाषाणकडच्यांना वेताळ टेकडी, दक्षिणेकडच्यांना तळजाई आणि पर्वती. हात मोकळे सोडून अर्धा तास चाललं की खांदे जसे सुटतात तसे कशाने सुटत नाहीत. फोन खिशात ठेवा.

टेबल, गाडी, उशी

यावर फार लिहीत नाही, कारण महागडी खुर्ची घेऊनही मान दुखणारे खूप बघितले. एक आदर्श बैठक नसते. कुठल्याही बैठकीत तासभर न हलणं हीच खरी अडचण, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने मिनिटभर उठा. बाकी लॅपटॉप उंचावर हवा, वरची कड डोळ्यांच्या पातळीला. घरी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा खाली ठेवला तरी चालतो, फक्त कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्या. जाड-पातळ अशा दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर स्क्रीन थोडी खालीच ठेवा, नाहीतर खालच्या काचेतून वाचायला हनुवटी वर करावी लागते. पाय जमिनीला पोचत नसतील तर पायाखाली पाट घ्या. फोन खांदा आणि कानात दाबून बोलण्याची सवय आजच सोडा.

गाडीवर लॅपटॉपची बॅग एका खांद्यावर नको, दोन्ही बंद घाला किंवा पुढे पायाशी ठेवा. हेल्मेटने मान दुखते म्हणून हेल्मेट काढू नका. मापाचं आणि हलकं आयएसआय हेल्मेट घ्या, ढिलं असलं की प्रत्येक खड्ड्यात डोकं हिसके खातं. सिग्नलला थांबलात की खांदे एकदा खाली सोडा. बस किंवा मेट्रोत मांडीवर बॅग उभी ठेवून तिच्यावर कोपरं टेकवली की फोन डोळ्यांसमोर येतो. कंपनीच्या बसमध्ये डुलकी लागते त्यांनी मानेभोवतीची उशी वापरावी, मान लोंबकळून झोपल्यावर दिवसभर ठणकते.

रात्री पालथं झोपणं टाळा. कुशीवर झोपताना खांदा आणि कान यांमधली पोकळी भरेल एवढी उशी हवी.

हे करू नका

केस कापून झाल्यावर "मान मोडून देऊ का?" असं विचारतात. नाही म्हणा. झटका देऊन मान फिरवताना मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित होतं, पण झालं की परत फिरता येत नाही. डोक्याची चंपी खुशाल करून घ्या, मानेला हिसका नको. आपणच आपली मान कडकड मोडण्याची सवयही सोडा.

योगासनं करणाऱ्यांनी मान दुखत असताना शीर्षासन, सर्वांगासन, हलासन व्हिडिओ बघून करू नये. मॉडेल कॉलनीतली अय्यंगार गुरुजींची संस्था 1975 पासून आहे, आणि त्यांच्या पद्धतीत सर्वांगासनाला खांद्याखाली घड्या घातलेली ब्लँकेट ठेवतात, ती मानेवर भार येऊ नये म्हणूनच. अशी बारीक काळजी घेणाऱ्या शिक्षकांसमोर शिका. सूर्यनमस्कार चालतील. पण मागे वाकताना आणि भुजंगासनात डोकं मागे टाकू नका, नजर समोरच ठेवा.

मानेचा पट्टा डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिला असेल तर वापरा. स्वतःच्या मनाने महिनोन् महिने लावला तर मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात.

मध्येच उलटलं तर

उलटणारच, एकदा तरी. माझं आठव्या आठवड्यात उलटलं. गावाहून येताना सहा तासांचा प्रवास, दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत काम, आणि वहीत दोनवरून थेट सहा. सगळं पाण्यात गेलं असं वाटून मी रडले होते. मॅडमनी वहीची मागची पानं उलटून दाखवली. पहिल्या आठवड्यात सहाचा आकडा सलग पाच दिवस होता. या वेळी तो दोन दिवसांत तीनवर आला.

अशा दिवसांत वजनं बाजूला ठेवा, पण आडवे पडून राहू नका. पंधरा मिनिटं शेका, बसून करायच्या तीन हालचाली दर दोन तासांनी करा, झोपून मान डोलावण्याचा व्यायाम पाच वेळा, आणि संध्याकाळी घराजवळ चालून या. गोळी घ्यावीशी वाटली तर डॉक्टरांना विचारून. तिसऱ्या दिवशी अर्ध्या वजनाने पुन्हा सुरू करा, आणि आठवड्याभरात जिथे होतात तिथे या. आठवडा होऊनही आकडा खाली आला नाही, किंवा कळ हातात उतरायला लागली, तर वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. त्या आकड्यांवरून काय जास्त झालं ते त्यांना लगेच कळतं.

बारा आठवडे झाले की आठवड्यातून दोन दिवस चालतात, पण तेवढे ठेवाच. मी मंगळवारी आणि शुक्रवारी करते, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत पट्टा आणि मग बाटल्या. चांदणी चौकात आता हनुवटी थेट खांद्यापर्यंत जाते.